अ‍ॅटलासच्या पायथ्याचं हाऊझचं मैदान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हाऊझ म्हणजे नेमका कोणता भाग?

मोरोक्कोच्या नकाशावर माराकेश शहर शोधा. त्याच्या दक्षिणेला उंच अ‍ॅटलासची रांग उभी आहे, उत्तरेला जबिलेत नावाच्या बुटक्या, उघड्याबोडक्या टेकड्या आहेत आणि या दोहोंच्या मध्ये पूर्व-पश्चिम पसरलेली सुमारे सहा हजार चौरस किलोमीटरची सपाटी आहे. ती सपाटी म्हणजे हाऊझ. सपाटी म्हटलं तरी ती दक्षिणेकडून उत्तरेकडे सतत कललेली आहे, आणि या भागाचं सगळं जगणं त्या कलावर उभं आहे. डोंगरातून उतरणाऱ्या उरिका, घेराया, झात, न्फिस या नद्या मैदान आडवं कापत जबिलेतच्या पायथ्याशी तेन्सिफ्त नदीला मिळतात. तेन्सिफ्त पुढे पश्चिमेला अटलांटिक महासागरात जाते.

माराकेश समुद्रसपाटीपासून साधारण ४५० मीटर उंचीवर आहे. तिथून सरळ रेषेत साठ-पासष्ट किलोमीटरवर तुबकाल शिखर आहे, उंची ४१६७ मीटर, उत्तर आफ्रिकेतलं सर्वांत उंच. हिवाळ्यात संत्र्याच्या बागेत उभं राहून मान वर केली की बर्फ दिसतो.

‘हाऊझ’ या अरबी शब्दाचा अर्थ शहराच्या अखत्यारीतला भोवतालचा मुलूख असा घेतला जातो. आपला ‘हौद’ही अरबीतूनच आला, पण तो मूळ शब्द वेगळा. आणखी एक घोळ टाळायला हवा. ‘अल हाऊझ’ नावाचा एक प्रांतही आहे, त्याचं मुख्य ठाणं तहनाऊत. त्या प्रांताचा मोठा भाग डोंगरात आहे. २०२३ च्या भूकंपाच्या बातम्यांत जे नाव आलं ते या प्रांताचं, मैदानाचं नव्हे.

हा वाळवंटी भाग आहे का?

नाही. सहारा अ‍ॅटलासच्या पलीकडे आहे. हाऊझ अर्धकोरडं आहे. वर्षाला सरासरी अडीचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही ऑक्टोबर ते एप्रिलमध्ये. आपण ज्या महिन्यांत पेरणी करून आभाळाकडे बघत बसतो, ते जून ते सप्टेंबर तिथे कडक उन्हाळ्याचे. जुलैत तापमान सहज चाळिशी गाठतं, आणि सहाराकडून ‘शर्गी’ हा गरम वारा सुटला की पानं करपतात. वर्षभरात जमिनीतून आणि पिकातून उडून जाऊ शकणारं पाणी पावसाच्या कितीतरी पट आहे. निव्वळ आकाशाच्या भरवशावर इथे जव आणि कधीमधी गहू, एवढंच. त्या शेतीला तिथे ‘बूर’ म्हणतात. आपल्या भाषेत जिरायत.

मग एवढ्या बागा कशा?

डोंगरामुळे. अटलांटिकवरून येणारे ढग अ‍ॅटलासला अडतात, वर मैदानाच्या दुप्पट-तिप्पट पाऊस पडतो, आणि उंचावर बर्फ साठतो. तो बर्फ मार्च ते मे हळूहळू वितळतो, म्हणजे मैदानातला पाऊस संपत आलेला असताना नद्या वाहत्या असतात. वर्षभराची शिदोरी डोंगर राखून ठेवतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी हातात देतो. बर्फ कमी पडला तर मैदानात कितीही धडपड करा, उन्हाळा जड जातो.

नदी डोंगरातून बाहेर पडते तो पायथ्याचा पट्टा तिथे ‘दीर’ म्हणून ओळखला जातो. घोड्या-खेचराच्या छातीवरून जो पट्टा बांधतात, त्यावरून हे नाव आलं. या दीरवर नदीच्या दोन्ही तीरांना पाट फुटतात. त्या पाटांना अरबीत ‘सेगिया’ आणि अमाझीघ (बर्बर) भाषेत ‘तारगा’ म्हणतात. पाटाच्या तोंडाशी दगड, माती आणि झाडांच्या फांद्या रचून कच्चा बंधारा घालतात. मोठा पूर आला की तो वाहून जातो. मग पाटावरच्या सगळ्या घरांतून एकेक माणूस निघतो आणि बंधारा पुन्हा उभा राहतो. या सामुदायिक श्रमाला ‘तिविझी’ म्हणतात. जो श्रमाला आला नाही त्याच्या पाण्याच्या हक्कावर गावात बोललं जातं.

वाहून जाणारा बंधारा म्हणजे मागासपणा, असं फ्रेंच अमलातल्या इंजिनिअरांना वाटायचं. मला तसं वाटत नाही. पुराला अडवून न धरता वाट देणारा आणि दोन दिवसांत गावाच्या हातांनी परत उभा राहणारा बंधारा त्या नद्यांना शोभणारा आहे. या नद्या किती अंगावर येतात, ते उरिकाच्या खोऱ्याने १७ ऑगस्ट १९९५ ला पाहिलं. डोंगरातल्या एका वादळी सरीने काही तासांत दोनशेहून अधिक माणसं नेली.

पाण्याची पाळी कशी ठरते?

हाऊझ समजून घ्यायचं असेल तर हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा.

पहिलं तत्त्व, वरच्याचा हक्क आधी. नदीवर जो पाट सर्वांत वर फुटतो, तो आधी पाणी घेतो. उरेल ते खाली जातं. आपल्याकडे कालव्याच्या ‘टेल’च्या शेतकऱ्याची जी तक्रार असते, तीच तिथे शतकानुशतकं आहे. म्हणून नदीच्या तोंडाशी घनदाट ऑलिव्ह आणि भाजीपाला दिसतो, आणि जसजसं उत्तरेला तेन्सिफ्तकडे जावं तसतशी झाडं विरळ होऊन जवाची शेतं लागतात.

दुसरं, एका पाटाच्या आत पाणी मापात मोजत नाहीत, वेळेत मोजतात. दिवस, रात्र, अर्धा दिवस, तास. या पाळीला ‘नूबा’ म्हणतात. प्रत्येक वंशगटाची नूबा ठरलेली, तिच्या आत प्रत्येक घराची. पूर्वी सावलीच्या लांबीवर आणि नमाजाच्या वेळांवर पाळी बदलायची. पाळी मध्यरात्रीची असेल तर मध्यरात्री फावडं घेऊन बाऱ्यावर जायचं. रात्रीच्या लोडशेडिंगमध्ये पिकाला पाणी दिलेल्या आपल्या शेतकऱ्याला हे वेगळं समजवायला नको.

तिसरं, काही पाटांवर पाण्याचा हक्क जमिनीपासून वेगळा आहे. तो विकता येतो, गहाण टाकता येतो, वारसांत वाटता येतो. त्यामुळे जमीन आहे पण पाणी नाही, अशी माणसंही गावात असतात.

चौथं, पुराचं पाणी या हिशेबात येत नाही. नदी फुगली की पाळी बाजूला ठेवतात, ज्याला जेवढं वळवता येईल तेवढं त्याने वळवावं.

हे सगळं कागदावर क्वचितच पूर्ण सापडतं. पाळी लोकांच्या डोक्यात असते, आणि भांडण झालं की म्हाताऱ्यांना बोलावतात.

खत्तारा काय असतं?

जमिनीखालून खणलेला, अगदी हलक्या उताराचा बोगदा. वरच्या बाजूला तो भूजलाला भिडतो आणि पाणी आपल्या वजनाने वाहत, जिथे जमिनीचा उतार बोगद्याला गाठतो तिथे उघड्यावर येतं. मोट नाही, बैल नाही, मोटर नाही. मधल्या अंतरावर एका ओळीत विहिरींसारखी तोंडं असतात, माती बाहेर काढायला आणि साफसफाईला उतरायला. विमानातून माराकेशभोवती मातीच्या कड्यांच्या ज्या रांगा दिसतात, त्या याच.

माराकेश अल्मोराविद घराण्याने अकराव्या शतकात वसवलं, पण नदीपासून दूर कोरड्या जागेवर वसलेलं शहर तगलं ते खत्तारांवर. भूगोलकार अल-इद्रिसीने लिहून ठेवलंय, की बाराव्या शतकाच्या सुरुवातीला त्याच घराण्यातल्या अली इब्न यूसुफच्या काळात उबैदुल्लाह इब्न यूनुस नावाच्या जाणकाराने इथे ही विद्या आणली. पुढे शेकडो खत्तारा झाल्या. आज जवळजवळ सगळ्या कोरड्या आहेत. पंपांनी भूजल बोगद्याच्या खाली नेलं की खत्तारा मरते, आणि पुन्हा जिवंत होत नाही.

मराठी वाचकाला ही कल्पना परकी नाही. मलिक अंबरने सतराव्या शतकात खडकीला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, आणलेली नहर-ए-अंबरी याच कुळातली. इराणमधून निघालेली भूमिगत नहरींची विद्या एकीकडे मगरेबला, म्हणजे वायव्य आफ्रिकेला, पोहोचली आणि दुसरीकडे दख्खनला.

धरणं कधी आली?

फ्रेंच अमलात. न्फिस नदीवरचं लल्ला तकरकुस्त धरण १९३५ चं. त्याच्या पाण्याचा मोठा वाटा वसाहतवाल्यांच्या संत्री-जर्दाळूंच्या मळ्यांकडे गेला, आणि खालच्या जुन्या पाटांना आपली नदी आटलेली दिसली. स्वातंत्र्यानंतर पूर्वेकडे तेसाऊत नदीवर मुलाय यूसुफ धरण झालं, मग लखदर नदीवर हसन पहिला धरण, आणि तिथून शंभर किलोमीटरहून लांब ‘रोकाद’ कालव्याने पाणी पश्चिमेला माराकेशच्या दिशेने आणलं. १९६६ पासून हाऊझचं सिंचन एका सरकारी विभागाकडे आहे. कालव्याच्या पाण्याचं बिल येतं, नूबेचं येत नाही. एकाच शेतावर दोन्ही असू शकतात.

मुख्य पिकं कोणती?

ऑलिव्ह सगळ्यांत आधी. फळं ऑक्टोबरपासून उतरवतात. हिरवी लोणच्याला, काळी पडलेली तेलाला. गावोगावी खेचराने फिरवायचे दगडी घाणे होते, आता बहुतेक ठिकाणी यंत्रं आली. नव्या तेलाच्या दिवसांत घरात भाजीपेक्षा भाकरी-तेलच जास्त खाल्लं जातं. भाकरी म्हणजे तिथली जाड, गोल, आंबवलेली ‘खुब्झ’.

त्याखालोखाल जर्दाळू, संत्री, डाळिंब. ऑलिव्हच्या रांगांमध्ये गहू, जव आणि लसूणघास. लसूणघास तिथल्या लहान शेतकऱ्याचा खरा आधार आहे, कारण तो वर्षातून अनेकदा कापता येतो आणि दोन गाई त्यावर उभ्या राहतात. त्याला पाणीही तितकंच लागतं. गहू-जव पहिल्या पावसावर नोव्हेंबरच्या सुमारास पेरतात, मे-जूनमध्ये कापतात. डोंगरात गेलं की पायऱ्यांच्या शेतांत जव, आणि त्याच्या बांधावर अक्रोड, सफरचंद, चेरी.

माराकेशच्या खजूरवनाचं काय?

ते आहे, पण आक्रसतंय. मुळात ते फळासाठी लावलेलं वन. खजुराच्या सावलीत जव आणि भाजी व्हायची. खत्तारा आटल्या, झाडं म्हातारी झाली, मधूनमधून बंगले आणि गोल्फची मैदानं आली. पाहायला जरूर जा, पण तिथे उंटावर बसून हे वाळवंट आहे असं समजू नका.

जमीन कोणाची असते?

चार-पाच प्रकार आहेत. ‘मेल्क’ म्हणजे खाजगी. ‘जमूआ’ म्हणजे टोळीची सामायिक, बहुतेक चराऊ. ‘हबूस’ म्हणजे धर्मादाय, मशिदी-मदरशांसाठी दिलेली. ‘गीश’ ही माराकेशभोवतालची खास गोष्ट. लष्करी चाकरीच्या बदल्यात सुलतानांनी काही टोळ्यांना जमिनी दिल्या, मालकी आपल्याकडे ठेवून. आपल्या सरंजामाची आठवण यावी, अशी व्यवस्था.

ज्याच्याकडे काहीच नव्हतं तो ‘खम्मास’ व्हायचा. पिकाला पाच गोष्टी लागतात असा हिशेब: जमीन, पाणी, बी, जनावर आणि श्रम. ज्याच्याकडे फक्त श्रम, त्याला पाचवा हिस्सा. खम्स म्हणजे पाच. वाईट वर्षी तो पाचवा हिस्सा घरच्या तोंडांना पुरायचा नाही, मालकाकडून उचल घ्यावी लागायची, आणि माणूस पुढच्या वर्षालाही बांधला जायचा. फ्रेंच काळात (१९१२ ते १९५६) माराकेशचा पाशा, म्हणजे सुभेदार, थामी अल-ग्लावी याने प्रचंड जमिनी आणि त्याबरोबर पाणीही आपल्या नावे केलं. खालच्या कितीतरी पाटांची वाताहत तेव्हाची आहे. परदेशी वसाहतवाल्यांच्या उरलेल्या जमिनी १९७३ मध्ये सरकारने परत घेतल्या.

तिथे कोण लोक राहतात? भाषा कोणती?

डोंगरात आणि दीरवर अमाझीघ, त्यांची भाषा ताशलहीत. मैदानात आणि उत्तरेला बहुतांश दारिजा, म्हणजे मोरोक्कन अरबी. रेषा इतकी सरळ नाही. बाजाराच्या गावांत एकच माणूस दोन्ही बोलतो, खेचराचा भाव एका भाषेत आणि शपथ दुसऱ्या भाषेत. २०११ च्या राज्यघटनेने अमाझीघला राजभाषेचा दर्जा दिला.

गावांची नावं ‘सोमवार’, ‘मंगळवार’ अशी का?

आठवडी बाजारावरून. ‘त्नीन’ म्हणजे सोमवार, ‘त्लाता’ मंगळवार, ‘लारबा’ बुधवार, ‘खमीस’ गुरुवार, ‘सेब्त’ शनिवार, ‘हद्द’ रविवार. त्नीन उरिकाचा बाजार सोमवारी, अस्नीचा शनिवारी, अमिझमिझचा मंगळवारी. पुण्याच्या पेठांच्या नावांनी वाढलेल्या माणसाला यात नवल वाटू नये.

इतर सहा दिवस ही जागा म्हणजे भिंतीने वेढलेलं रिकामं मैदान. बाजाराच्या दिवशी पहाटे खेचरं, मालवाहू तीनचाकी, जुन्या टॅक्स्या येतात. एका कोपऱ्यात जनावरं, दुसरीकडे धान्य, पुढे नालबंद, न्हावी, दात उपटणारा, अर्ज लिहून देणारा. डोंगरातला माणूस अक्रोड आणि बकरा विकतो, मैदानातला पीठ आणि भाजी. दुपारपर्यंत सगळं आटोपतं. लग्नं जमतात, पाण्याची भांडणं मिटतात, कुणाचा मुलगा कासाब्लांकाहून परत आला ते कळतं.

‘अगदाल’ म्हणजे बाग की कुरण?

दोन्ही. मूळ अमाझीघ अर्थ राखीव कुरण. अ‍ॅटलासमधलं उकाइमेदेनचं उंच कुरण परंपरेने १५ मार्च ते १० ऑगस्ट बंद ठेवतात. गवताला फुलून बी टाकायला वेळ मिळावा म्हणून. त्या काळात एकही मेंढी आत जात नाही. १० ऑगस्टला कुरण उघडतं आणि घेराया, उरिका भागातल्या टोळ्या कळपांसह चढतात. गवताचं शास्त्र कुणी पुस्तकात लिहिण्याआधीची ही चराईबंदी आहे, आणि तिला पाळणारे लोक अजून आहेत, याचा मला फार आनंद वाटतो.

बाराव्या शतकात अल्मोराविदांनंतर आलेल्या अल्मोहाद घराण्याने माराकेशच्या दक्षिणेला प्रचंड राजेशाही बाग केली, तिलाही पुढे अगदाल म्हणू लागले. तिच्यातले मोठे हौद डोंगराच्या पाण्यावर भरत. जुन्या शहराबरोबर ही बागही १९८५ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे.

२०२३ च्या भूकंपात काय झालं?

८ सप्टेंबर २०२३ च्या रात्री अकरा वाजून गेल्यावर ६.८ तीव्रतेचा धक्का बसला. केंद्र डोंगरात, इघीलजवळ. जवळजवळ तीन हजार माणसं गेली, निम्म्याहून अधिक अल हाऊझ प्रांतातली. मैदानातली हानी त्यामानाने कमी; डोंगरातली गावं मातीत मिसळली. न्फिसच्या खोऱ्यातली बाराव्या शतकातली तिनमेलची मशीदही बरीचशी कोसळली.

घरं मातीची का, असा प्रश्न तेव्हा पुष्कळांनी विचारला. साच्यात माती चोपून भिंत उभारायची, वर लाकडाच्या वाशांवर मातीचं धाबं. आपल्या माळवदासारखंच. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार, आणि माती जागच्या जागी फुकट. पण हादरा बसला की भिंत सुटते आणि जड धाबं खाली येतं. ढिगात हवेची पोकळीही राहत नाही. किल्लारीने १९९३ मध्ये आपल्याला हेच दाखवलं होतं. दोष मातीला देऊन सगळीकडे सिमेंटचे ठोकळे बांधणं हे उत्तर मला पटत नाही. लाकडी आडव्या पट्ट्या घालून बांधलेली मातीची भिंत हादरा जास्त सोसते, हे तंत्र जगात अनेक ठिकाणी ठाऊक आहे. शिवाय पाटांची तोंडं आणि पायऱ्यांची शेतंही फुटली, त्यांच्याकडे घरांइतकं लक्ष गेलं नाही.

बायकांच्या वाट्याला कोणतं काम?

मोजता येणार नाही इतकं. लसूणघास कापून पाठीवर आणणं, गाई, पाणी, सरपण, भाकरी. ऑलिव्हच्या हंगामात मजुरीवर फळं उतरवणं. पहाटे ठरावीक चौकात मजूर उभे राहतात, त्या जागेला ‘मूकफ’ म्हणतात. तिथून बायकांना पिकअप गाडीत दाटीवाटीने भरून मळ्यांवर नेतात. पाण्याच्या सभेत मात्र पुरुषच बसतात.

ठिबक आल्यावर पाणी वाचलं असेल ना?

शेतावर वाचलं, मैदानात नाही. २००८ च्या ‘हरित मोरोक्को’ योजनेपासून ठिबकला भरघोस अनुदान मिळालं. वाचलेल्या पाण्यावर शेतकऱ्याने आणखी झाडं लावली, तीही बारमाही. आधी गव्हाचं शेत दुष्काळात पडीक ठेवता यायचं, संत्र्याची बाग ठेवता येत नाही. त्यात जुन्या पाटांतून झिरपणारं पाणी भूजलात परत जायचं, तेही थांबलं. ठिबक बहुतेक बोअरवर चालतं. ज्याला खोल बोअर परवडते तो हिरवा राहतो, शेजाऱ्याची विहीर कोरडी पडते. २०१८ नंतर लागोपाठ दुष्काळी वर्षं आली आणि हे उघड्यावर आलं. मोसंबीपायी बोअरमागे बोअर मारणारा मराठवाडा आठवला तर ती तुलना चुकीची नाही.

दुष्काळाचा मार जनावरांनाही बसला. कळप इतके घटले, की २०२५ मध्ये राजाने लोकांना बकरी ईदची कुर्बानी न करण्याचं आवाहन केलं. याआधी असं १९९६ मध्ये घडलं होतं.

या भागाचा आपल्याशी काही संबंध येतो का?

येतो, खताच्या गोणीतून. जबिलेतच्या उत्तरेला बेनगरीर आणि यूसुफियाच्या परिसरात फॉस्फेटच्या खाणी आहेत. मोरोक्कोची सरकारी कंपनी ओसीपी तिथून आणि खुरिब्गाहून फॉस्फेट काढते. भारत तिचा मोठा गिऱ्हाईक आहे. गोव्यातला झुआरीनगरचा खत कारखाना २०२२ पासून ज्या पारादीप फॉस्फेट्सकडे आहे, तिच्यात ओसीपीची भागीदारी आहे.

गावात गेलं आणि कुणी चहाला बोलावलं तर?

जा. नाही म्हणणं लागतं त्यांना. हिरवा चहा, पुदिना आणि भरपूर साखर. थंडीत पुदिन्याऐवजी ‘शीबा’ नावाची कडू वनस्पती घालतात. यजमान पहिला पेला ओतून परत किटलीत टाकेल, मग उंचावरून फेस आणत ओतेल. सोबत भाकरी, ऑलिव्ह तेल, कदाचित लोणी. भाकरी उजव्या हाताने मोडायची, जमिनीवर पडलेला तुकडा तुडवायचा नाही. उचलून कपाळाला किंवा ओठांना लावून बाजूला ठेवतात. शेताबद्दल विचारायचं असेल तर ‘पाऊस कसा झाला?’ असं नका विचारू. ‘यंदा डोंगरावर बर्फ किती होता?’ असं विचारा.